गाजर खा, गोळी नको

आजचा एपिसोड छोटा आहे. पण घरात कुणी सिगारेट किंवा विडी ओढत असेल, तर शेवटपर्यंत ऐका.

माझे मामा रोज दहा-बारा सिगारेटी ओढतात. हल्ली त्यांनी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या ऑनलाइन मागवल्यात. म्हणतात, "आता फुफ्फुसांचं टेन्शन नाही रे!" मी बाटली फिरवून लेबल वाचलं. त्यावर होतं बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला केशरी रंग देणारं द्रव्य. शरीर त्यापासून व्हिटॅमिन ए बनवतं.

मामांचं लॉजिक काही वेडगळ नाही हं. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो, असं शास्त्रज्ञांनाही दिसलं होतं. म्हणून त्यांनी गोळी तपासायचं ठरवलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ए/बी टेस्ट करतो ना, तसंच.

फिनलंडमध्ये १९८५ पासून ५० ते ६९ वयाच्या २९,१३३ स्मोकर पुरुषांवर ट्रायल झाली. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना औषध नसलेली तशीच गोळी. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त! कमी नाही, जास्त.

अमेरिकेत स्मोकर, सिगारेट सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले, अशा १८ हजारांवर लोकांच्या ट्रायलमध्ये काहींना बीटा-कॅरोटीनसोबत व्हिटॅमिन ए दिलं. तिथे कॅन्सर २८ टक्के जास्त निघाला. १९९६ मध्ये ती ट्रायल ठरल्यापेक्षा २१ महिने आधीच थांबवली.

मग भाज्यांचं काय? भाज्या खाणारी माणसं बहुतेकदा सिगारेटही कमी ओढतात, इतर काळजीही घेतात. शिवाय गाजरात एकच द्रव्य नसतं. त्यातलं एक वेगळं काढून मोठ्या डोसमध्ये दिलं, की हिशोब बदलतो. धुराने भरलेल्या फुफ्फुसात ते उलटं वागत असावं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मला खरी भीती वाटते ती गोळीने मिळणाऱ्या दिलाशाची. "गोळी चालू आहे" म्हटलं की सिगारेट सोडायची घाई राहत नाही. फुफ्फुसाचा कॅन्सर टाळते असं सिद्ध झालेली एकही सप्लिमेंट आज नाही. सिगारेट सोडल्यावर मात्र धोका खरंच उतरतो. साधारण १० वर्षांत, ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत फुफ्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचा धोका निम्म्यावर येतो.

तेव्हा आज एक काम करा. घरातल्या स्मोकरच्या बाटलीचं लेबल वाचा. बीटा-कॅरोटीन दिसलं, तर डॉक्टरांशी बोला. आणि पाकिटावर छापलेला क्विटलाइनचा नंबर, १८००-११-२३५६, त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. कॉल फुकट आहे.

गाजराची कोशिंबीर बिनधास्त खा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!