डोंगरावरचं पाणी आणि प्लॉटचा कागद
(संघटनेच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल प्लॉटच्या पंचनाम्यांवर बोलणं झालं. आज पाण्यावर बोलायचंय. सकाळी काही जण म्हणाले, जमिनीचं भांडण चालू असताना पाणी कशाला काढता? तर फॉरेस्टवाले आपल्याला काय म्हणतात ते आठवा. तुम्ही डोंगर नांगरता, त्याने झरे आटतात, धरणं गाळाने भरतात, म्हणून उठा इथून. याला उत्तर द्यायचं तर पाणी कसं चालतं हे आपल्याला नीट मांडता आलं पाहिजे.

सागाचं पान उलटं करून बघा. मधली जाड शीर ही आपली वैतरणा. बाजूच्या शिरा म्हणजे पिंजाळ, देहर्जे, सूर्या, तानसा. त्यांना फुटलेल्या बारीक शिरा म्हणजे आपल्या पाड्यापाड्याचे ओहोळ. आणि अख्खं पान म्हणजे पाणलोट. पानाची कड म्हणजे डोंगराचा माथा. तिकडे त्र्यंबकच्या डोंगरात माथ्याच्या एका अंगाला पडलेलं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं, दुसऱ्या अंगाचं वैतरणेतून आपल्या दारावरून अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळतं.

आता हिशोब करा. जव्हार-मोखाड्याला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर लाखभर लिटर पाणी होतं. शंभर इंच म्हणजे एक कोटी लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर साडेसहा लाखांहून जास्त हंडे, एका एकरावर! घरटी रोज दहा हंडे लागले तरी दीडशे घरांना वर्षभर पुरून उरतील. आणि आपल्या बाया होळीनंतर झिऱ्यापाशी वाटी वाटी पाणी भरत रात्र काढतात. ज्यांना वाटतं पाऊस कमी म्हणून टंचाई, त्यांनी एक पावसाळा आमच्या घरात काढावा.

मग हे पाणी जातं कुठे? आपला डोंगर एकसंध दगड नाही. भाकऱ्यांची चवड रचावी तसे कातळाचे थर आहेत. काही थर घट्ट, काही भोकाभोकांचे, चिरा पडलेले. मधेच गेरूसारखा लाल थर लागतो, तुम्ही दरडीत पाहिला असेल. माळावर मुरलेलं पाणी चिरांतून खाली उतरतं, घट्ट थर किंवा हा लाल थर लागला की अडतं, मग आडवं सरकत उताराला बाहेर पडतं. तोच आपला झरा. म्हणजे झऱ्याचं पाणी झऱ्यापाशी पडलेलं नसतं, ते वरच्या माळाचं असतं. झरा आटला तर तिथेच खोल खणून फार उपयोग नाही. वर जाऊन बघा, माळाचं काय झालंय.

वर झाड-झुडूप असेल, पाल्याचा थर असेल, बांध असेल, तर पाणी थांबतं, मुरतं आणि डोंगरातून महिनोन्महिने हळूहळू निघतं. नसेल तर मोठ्या सरीचं पाणी दोन-चार तासांत ओहोळातून नदीत, नदीतून धरणात. सोबत माती.

उताराच्या दिशेने नांगर धरला तर माती जाते, हे खोटं नाही. पण कूप कोणी तोडले? ठेकेदाराचे ट्रक नागली पेरायला आले होते काय? आणि आम्ही बांध का घालत नाही हे साहेबांनी कधी विचारलंय? दगडी बांध घालायला अख्ख्या घराचा उन्हाळा जातो. एकसाली प्लॉटवाल्याला पुढच्या वर्षी जमीन आपली राहील की नाही ठाऊक नाही. एका वर्षाच्या कागदावर कोण बांध घालील? कागद पक्का द्या, मग माती कुठे जाते ते बघा. माझं म्हणणं, हा मुद्दा प्रत्येक अर्जात लिहायचा.

खालची गोष्टही माहीत असू द्या. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. मोडकसागर १९५७ चं, अप्पर वैतरणा १९७३ चं. हे सगळं पाणी आपल्या उतारावरून उतरलेलं. धरण दरीत, पाडे वर. पाणी डोळ्यांना दिसतं, पण हंड्यात यायचं तर दरड चढून. तिकडे पाइपातून शहरापर्यंत जातं, इकडे पाड्यापर्यंत चढवायला पैसा नाही म्हणतात.

कामाचं सांगतो. तीन बांबू बांधून मोठा 'अ' करायचा इंग्रजीतला, वरून दोरीला दगड लोंबवायचा. दोन्ही पाय सारख्या उंचीवर असले की दोरी मधल्या खुणेवर येते. तसं पाऊल पाऊल सरकत गेलं की बांधाची समान रेघ मिळते. दुपारी माळावर करून दाखवू, बायांनी आधी शिकावं.

दुसरं, प्रत्येक पाड्याने आपला झरा मोजायचा. हंडा किती वेळात भरतो ते दिवाळीला, संक्रांतीला आणि होळीला लिहून ठेवायचं. पाच मिनिटांत भरला तर दिवसरात्रीचे २८८ हंडे. आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला कोणाचे प्लॉट आहेत, कूप कधी तुटला, तेही लिहायचं. वही होळीनंतरच्या बैठकीला घेऊन या.