गप्प बसणाऱ्याचा बळी देणारा नियम बदला

मित्रहो, आणि न्यू जर्सीत सकाळचा चहा हातात घेऊन पडद्यासमोर बसलेल्या मंडळींनो,

अध्यक्षाने सर्वांना गोड लागेल असं बोलावं, असा प्रघात आहे. तो मी आज मोडतो आहे. आपल्या ऑनलाइन माफियाच्या डावात, म्हणजे गावात लपलेला माफिया चर्चा आणि मतदान करून शोधण्याच्या खेळात, अन्याय होतो आहे, आणि तो आपले नियमच करतात.

दिवाळीतला डाव आठवा. पहिल्याच दिवशी आपण एका मुलीला गावाबाहेर काढलं. पुरावा काय, तर ती उशिरा बोलली आणि 'वेगळं' बोलली. ती घरी मालवणी बोलते. देवनागरीत टाइप करायला तिला वेळ लागतो. तिचं उत्तर पडद्यावर उमटायच्या आत नऊ मतं पडली होती. त्यातलं एक माझं होतं. रोल उघडला, ती साधी नागरिक निघाली. पुन्हा ती खेळायला आली नाही. वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्यांचं आणि परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांचं हेच होतं. आपण माफिया शोधत नाही, बोलण्याची ढब हेरतो.

'मूळ नियमांना हात लावू नका,' असं काही जुने खेळाडू म्हणतात. कुठले मूळ नियम? 1980च्या दशकात मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने, दिमित्री डेव्हिडॉफने, हा खेळ रचला. 1997 मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने त्याच खेळात माफियाच्या जागी नरलांडगा आणला. डॉक्टर, डिटेक्टिव्ह ही मागाहून आलेली पात्रं. ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे नियम बदलले, म्हणून तर खेळ जगला.

माझा पहिला प्रस्ताव: 'आज कोणीही नाही' हे मत ग्राह्य धरा. रोज एकाला काढलंच पाहिजे, ही आपली सक्ती गावाच्याच मुळावर येते. हिशोब करून पाहा. चौघे उरलेत, त्यांत एक माफिया, कुणाकडे काही माहिती नाही. अंदाजाने एकाला काढलंत तर माफिया सापडण्याची शक्यता चारात एक. चुकलात तर रात्री माफिया आणखी एकाला उडवतो, एकास एक उरतात आणि माफिया जिंकतो. त्या दिवशी कुणालाच काढलं नाही तर सकाळी तिघे उरतात आणि शक्यता तिनात एक होते. तिघेच असताना मात्र हे मत आत्मघातकी आहे, म्हणून ते कधी वापरायचं हे गावाने ठरवावं. पण ती मोकळीक तरी द्या! 'अमंग अस' या खेळात मत न देण्याचं बटण आहेच.

दुसरा प्रस्ताव: ज्याच्यावर आरोप आहे त्याने उत्तर दिल्याशिवाय मतमोजणी नाही. त्याला पूर्ण पाच मिनिटं मिळावीत, लिहून किंवा आवाज रेकॉर्ड करून, त्याच्या बोलीत. खेळ रेंगाळेल, ही तक्रार मी ऐकली आहे. रेंगाळू द्या. नऊ जणांच्या घाईपायी आपण एक चांगली खेळाडू गमावली.

तिसऱ्या प्रस्तावावर सर्वांत जास्त आरडाओरड होणार आहे, तरी तो मी मागे घेणार नाही. लहानपणी आपण राजा-मंत्री-चोर-शिपाई खेळलो. आमच्या आळीत मंत्र्याने चोर ओळखायचा, आणि चुकला तर त्याचे गुण चोराच्या खात्यात. खोट्या आरोपाची किंमत आरोप करणाराच मोजत असे. इथे मात्र मोठ्या आवाजाचे चार जण रोज एकाला उडवतात, रोज चुकतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पुढे. म्हणून ज्याने पहिला आरोप केला आणि ज्याच्या सांगण्यावरून निरपराध गेला, त्याने पुढच्या दिवशी नवं नाव सुचवायचं नाही. मत द्यावं, चर्चा करावी, पण नाव दुसऱ्याने सुचवावं.

तिन्ही प्रस्ताव खेळाच्या सूत्रधारांकडे लेखी दिले आहेत. 'पुढच्या वर्षी बघू' हे उत्तर मला मान्य नाही. मतदान आजच, याच सभेत, नावानिशी घ्या. आणि हात वर करण्याआधी, जे आज एकदाही बोललेले नाहीत त्यांना माइक द्या. मी खाली बसतो.