फिलिप ग्लास आणि खोडलेल्या रेघा



फिलिप ग्लास हे नाव इथे बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. त्यांचं संगीत त्यामानाने कमी जणांनी. जन्म १९३७ चा, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातला. वडिलांचं रेकॉर्डचं दुकान होतं. न्यूयॉर्कच्या जुलियार्डमध्ये शिक्षण झालं आणि पुढे पॅरिसमध्ये नादिया बूलांजे या करड्या शिस्तीच्या गुरूंकडे तालीम. एवढी तयारी झालेल्या माणसाला खरा धडा मिळाला तो मात्र पोटासाठी केलेल्या एका किरकोळ कामात.

१९६५ च्या सुमाराची गोष्ट. पॅरिसमध्ये ‘चापाक्वा’ या चित्रपटाला पंडित रविशंकर संगीत देत होते. वादक फ्रेंच, त्यांना पाश्चात्त्य स्वरलिपी हवी. ती लिहून देण्याचं काम ग्लास यांच्याकडे आलं. पंडितजी गाऊन दाखवायचे, हे लिहून घ्यायचे. वादकांनी वाजवलं की तबल्यावर बसलेले उस्ताद अल्लारखाँ मान हलवायचे: आघात चुकीच्या जागी पडतोय, सगळे स्वर सारखेच आहेत. आता पाश्चात्त्य लिपीत ठरावीक मात्रांनंतर उभी रेघ मारतात आणि रेघेनंतरच्या पहिल्या स्वरावर वादक आपसूक वजन देतो. ग्लास यांनी रेघा इकडे सरकवल्या, तिकडे सरकवल्या. तक्रार कायम. शेवटी वैतागून त्यांनी सगळ्या रेघा खोडून टाकल्या. समोर उरला स्वरांचा अखंड प्रवाह, आणि त्यात दोन-दोन, तीन-तीनचे गट आपोआप दिसू लागले.

पुढे १९६७ मध्ये न्यूयॉर्कला ते अल्लारखाँसाहेबांकडे रीतसर तबला शिकले. पण त्यांच्या संगीतात तबला शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. त्यांनी घेतला तो लहान गटांतून मोठी इमारत उभी करण्याचा हिशेब. पाच स्वरांचा तुकडा वाजतो, पुन्हा वाजतो, मग त्यात एक स्वर वाढतो, मग आणखी एक. आपल्या दृष्टीने हा ताल नव्हेच. आपलं आवर्तन बांधलेलं असतं, समेची वाट पाहण्यातच आपला आनंद असतो. ग्लास यांच्याकडे आवर्तनच लांबतं, आखडतं. शिकले आपल्याकडून, केलं स्वतःचं.

१९७६ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यों महोत्सवात त्यांचा ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा सादर झाला. सुमारे पाच तासांचा हा प्रयोग, मध्यंतर नाही. गायक गातात ते मात्रांचे आकडे आणि स्वरांची नावं! त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये प्रयोग तुडुंब भरले, तरी प्रयोग करणारी कंपनी कर्जात गेली आणि ग्लास पुन्हा टॅक्सी चालवू लागले. प्लंबिंगची कामंही त्यांनी केली होती. त्यांची यातून सुटका झाली ती रॉटरडॅम शहराने नवा ऑपेरा लिहायला सांगितल्यावर.

तो ऑपेरा म्हणजे ‘सत्याग्रह’, पहिला प्रयोग ५ सप्टेंबर १९८०. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं. शब्द सगळे भगवद्गीतेतले, गायन संस्कृतात. तीन अंकांवर साक्षीदार म्हणून टॉलस्टॉय, रवींद्रनाथ आणि मार्टिन ल्यूथर किंग. तालवाद्यं नाहीत, पितळी वाद्यं नाहीत. तंतुवाद्यं, बासरी-क्लॅरिनेटसारखी वाद्यं आणि ऑर्गन, एवढाच सरंजाम. शेवटी १९१३ च्या न्यूकॅसल मोर्चानंतर गांधीजी एकटे उभे राहून आठ स्वरांचा एक साधा आरोह गातात आणि तो तब्बल तीस वेळा येतो. युरोपात या स्वरमालेला फ्रिजियन म्हणतात. आपल्या कानाला ते भैरवी थाटाचे स्वर. ग्लास यांनी भैरवी मनात धरली होती, असा माझा दावा नाही. पण मैफलीची सांगता भैरवीने करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा शेवट परका वाटणार नाही.

मग १९८४ चा ‘अखनातेन’ हा ऑपेरा आला, प्राचीन इजिप्शियन, अक्कादियन आणि हिब्रू भाषांतला. गांबियाचे, कोरा हे तंतुवाद्य वाजवणारे फोडे मुसा सुसो यांच्याबरोबर काम झालं. १९९० मध्ये ‘पॅसेजेस’ हा अल्बम निघाला. त्यात रविशंकरांनी ग्लास यांच्या धुनांवर आणि ग्लास यांनी रविशंकरांच्या धुनांवर रचना केल्या. पंचवीस वर्षांपूर्वीचा लेखनिक आता बरोबरीने बसला होता.

तेच ते वाजवतात, हा त्यांच्यावरचा जुना आक्षेप. काही चित्रपटांच्या संगीतापुरता तो मलाही पटतो. ‘सत्याग्रह’बाबत पटत नाही. मंत्राची, नामाची पुनरुक्ती ज्यांच्या कानात आहे, त्यांनी तरी हा आक्षेप जपून घ्यावा.

तेव्हा ‘सत्याग्रह’चा तिसरा अंक एकदा सलग ऐका. आणि सभागृहातल्या तरुण वादकांना एक विनंती: फ्यूजनचा कार्यक्रम ठरवाल तेव्हा दुसऱ्या परंपरेच्या जाणकारापुढे आधी विद्यार्थी म्हणून बसा. जाहिरात मागाहून करता येईल.