रंगवलेल्या कपाटाचा दरवाजा चिकटतोय? रंधा जरा थांबवा

आजचा विषय एकदम घरगुती. गणपती जवळ आले की मुलुंड असो, घाटकोपर असो की बोरिवली, घराघरात रंगाचे डबे उघडतात. भिंती होतायत तर कपाटालाही दोन हात मारून घेऊ, असं ठरतं. दिवसभर सुकवलं, संध्याकाळी दरवाजा लावला, आणि दुसऱ्या दिवशी तो उघडेना. ओढला तर टर्रकन आवाज, आणि कडेचा रंग पापुद्र्यासारखा निघून हातात.

मग कुणीतरी म्हणतं, सुताराला बोलवा, रंधा मारून देईल. माझं म्हणणं एवढंच आहे की रंधा हा शेवटचा उपाय आहे. कापलेलं लाकूड अनडू होत नाही.

आधी दरवाजा का अडकतोय ते बघा. कारणं साधारण तीन, आणि ती दिसायला सारखीच दिसतात. दरवाजा लावताना कडेच्या फटीतून एक जुनं बिल सरकवत न्या. कागद कुठे अडतो? एकाच कोपऱ्यात अडला तर बिजागरी ढिली आहे. रंगवताना दरवाजे काढलेले असतात, परत लावताना स्क्रू नीट बसत नाहीत. भोक मोठं झालं असेल तर आगकाडी आणि फेविकॉल घालून, सुकल्यावर स्क्रू परत पिळा. किचनमधल्या ऑटो हिंजला तर तेवढंही नको. पुढचा स्क्रू फिरवला की पल्ला डावी-उजवीकडे सरकतो. दहा मिनिटांचं काम.

कागद मोकळा फिरतोय, पण दरवाजा जिथे चौकटीला टेकतो तिथेच चिकटतोय, तर तो रंग आहे. इथे थोडं थांबतो, कारण मूळ गैरसमज इथे आहे. ऑइल पेंट हाताला सुका लागणं आणि आतपर्यंत कडक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी त्यातलं टर्पेंटाईन उडून जातं. मग उरलेला थर हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो, आणि त्याला दिवस नाही, आठवडे लागू शकतात. हात जाड मारला असेल तर वर साय धरते आणि आत मऊच राहतं. असे दोन मऊ थर एकमेकांवर दाबून ठेवले की ते एक होणारच. पाण्यात मिसळायचे ॲक्रिलिक रंग तर लवकर सुकतात म्हणून लोक निर्धास्त असतात, पण दाबाखाली चिकटण्यात तेही कमी नाहीत. त्यात पावसाळा. सांताक्रूझच्या वेधशाळेत जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे आपण वर्षातले सगळ्यात वाईट दोन महिने निवडून रंग काढतो! पण बाप्पा काही डिसेंबरात येत नाहीत, त्यामुळे चालायचंच.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. चिकटलेल्या रेषेवरून कटर फिरवा, रंगाऱ्याची पातळ पत्रा-पट्टी घालून हळूहळू मोकळं करा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, प्लायची कड फुटते. मग दरवाजे उघडे ठेवून पंखा लावा, जमलं तर आठवडाभर. कडक झाल्यावर कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, आणि टेकणाऱ्या जागी सिलिकॉनचे छोटे बंपर लावा. सगळं झाल्यावर मेणबत्ती घासली तरी चालेल. पण रंगाचं काम बाकी असेल तर मेण नको, त्यावर पुढचा हात धरत नाही.

तिसरं कारण लाकूड फुगणं. आमच्या मुलुंडच्या घरात आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आहे. ऑगस्टमध्ये त्याचा दरवाजा कडेच्या पूर्ण उंचीभर घासत होता. मिस्त्री रंधा घेऊनच आले होते. मी आईला म्हटलं, दिवाळीपर्यंत थांबूया. डिसेंबरमध्ये तिथेच जवळजवळ दोन मिलिमीटरची फट होती. पावसाळ्यात दोन मिलिमीटर छाटले असते, तर हिवाळ्यात चार झाले असते, आणि झुरळांची सोय झाली असती. भरीव लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. प्लाय आडव्या-उभ्या थरांचं असल्याने कमी हलतं, पण त्याच्या उघड्या कडा पाणी पितात. म्हणून दरवाज्याची खालची आणि वरची कड रंगवाच. तिथे कुणाचं लक्ष जात नाही, रंगाऱ्याचंही नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, खरं तर आधीच सांगायला हवं होतं. जुन्या कपाटावर रंगाचे पाच-सहा थर असतील, तर ते घासण्याआधी विचार करा. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः भडक पिवळा, लाल, हिरवा यांत, शिसं भरपूर असू शकतं. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूसाठी वाईट असते, आणि रांगणारं मूल जमिनीवरचा हात थेट तोंडात घालतं. माझी भाची दीड वर्षाची आहे, त्यामुळे आमच्याकडे हे काम ती नसताना झालं. वॉटर पेपर घेऊन ओलं करून घासलं, चांगला मास्क लावला, आणि नंतर झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसलं. फडकी पिशवीत बांधून टाकून दिली. घरात कुणी गरोदर असेल तर तिलाही त्या खोलीपासून लांब ठेवा.

तुमचा दरवाजा कुठे घासतोय त्याचा फोटो पाठवा, शक्यतो फटीत कागद घालून. पुढच्या भागात बाथरूमचा दरवाजा घेऊ, तो खालून का कुजतो ते.