रस्ता बंद की पत्ता हरवला?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी, रात्री दहा वाजता, आमच्या मोहल्ल्यातील एक विद्यार्थिनी रडवेली होऊन माझ्या दारी आली. "चाचा, नेट गेलंय. दोनच तास उरलेत." घरच्यांनी राउटर चार वेळा बंद-चालू केला होता. मी जाऊन पाहिले. नेट गेलेच नव्हते!

संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. आपण मात्र संकेतस्थळाचे नाव लिहितो. नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेस डीएनएस म्हणतात. पूर्वी साऱ्या नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. संगणक वाढले, यादी सांभाळणे अशक्य झाले. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी हे काम अनेक ठिकाणी वाटून देणारी आजची पद्धत आखली.

म्हणून दोष दोन प्रकारचा असतो. एक तर रस्ता बंद असतो, नाही तर पत्ता सांगणारा गप्प असतो. कोणता, ते क्रमाने तपासावे.

प्रथम दिवे पाहा. फायबरच्या पेटीवर एलओएसचा दिवा लाल असेल, तर बाहेरून येणारा प्रकाशच पोहोचत नाही, कंपनीला कळवा. दिवे ठीक असतील तर संगणकात कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. वायर किंवा वायफाय तपासा. तेथेच 'डिफॉल्ट गेटवे' हा राउटरचा पत्ता दिसेल. त्याला 'पिंग' करा. मग ८.८.८.८ ला पिंग करा. उत्तर आले, म्हणजे बाहेरचा रस्ता उघडा आहे. शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाने पिंग करा. आकड्याला उत्तर मिळते, पण नावाचा पत्ताच सापडत नाही असे दिसले, तर दोष डीएनएसचा.

त्या रात्री नेमके हेच झाले होते. राउटरच्या सेटिंगमध्ये कोणीतरी पूर्वी भरलेला डीएनएसचा पत्ता बंद पडला होता. त्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे दोन पत्ते भरले, राउटर पुन्हा चालू केला आणि साडेअकराच्या आत अर्ज गेला.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कोणीही सांगितलेला डीएनएस पत्ता राउटरमध्ये भरू नका. पत्ता सांगणाराच खोटा निघाला, तर बँकेचे नाव लिहूनही आपण भामट्याच्या दारी पोहोचू. राउटरचा मूळ पासवर्डही बदलून ठेवा.

पालकांना माझी विनंती आहे की, अशा वेळी मुलांवर रागावू नका. त्यांच्या शेजारी बसून हा क्रम वहीत उतरवून घ्या. आणि विद्यार्थी मित्रहो, "नेट गेलं" म्हणून हात टेकू नका. कोठे अडले, हा प्रश्न विचारायला शिका. अर्ज मात्र शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. चाचा दर वेळी घरी सापडतीलच असे नाही!