एकट्या माणसाची महागाई

(खारदांडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



महागाईवर बोलणे हे आपल्या पक्षातील वक्त्याचे सर्वांत सोपे काम आहे. तेलाचा भाव सांगावा, डाळीचा भाव सांगावा, सरकारचा धिक्कार करावा आणि टाळ्या घेऊन खाली बसावे. मीही हे पुष्कळदा केले आहे. आज मात्र या कोळीवाड्यात बसून मला त्या विषयाची एक वेगळी बाजू मांडावयाची आहे. महागाई सर्वांना एकाच मापाने लागत नाही. श्रीमंत आणि गरीब हा भेद आपण जाणतोच. परंतु दोन सारख्याच गरीब माणसांपैकी एक संसारात असेल आणि दुसरे एकटे असेल, तर एकट्याला जगणे अधिक महाग पडते. या गोष्टीची नोंद आपल्या कोणत्याही मागणीपत्रकात नाही.

साधा हिशेब करू. समजा, एका खोलीचे भाडे महिन्याला 10,000 रुपये आहे. दोघे राहिली तर माणशी 5,000. एकटी बाई राहिली तर सगळे 10,000 तिच्या डोक्यावर. अनामत रक्कमही तिची एकटीची. विजेच्या बिलातील स्थिर आकार जोडणीमागे असतो, माणसामागे नव्हे. आत कितीजण निजतात हे भिंतीला ठाऊक नसते. ओईसीडी या संघटनेने या गोष्टीला एक मापही दिले आहे. घरातील पहिल्या प्रौढ माणसाचा खर्च 1 धरला, तर दुसऱ्याचा अर्धाच धरावा. म्हणजे एकट्याला ज्या राहणीसाठी 100 रुपये लागतात तीच राहणी जोडप्याला 150 रुपयांत, माणशी 75 रुपयांत, मिळते. कोणी म्हणेल की हे श्रीमंत देशांचे माप. आपल्या गरिबाचा मोठा खर्च अन्नावर, आणि भाकरी काही वाटून घेतली म्हणून वाढत नाही. युक्तिवाद खरा आहे. पण ज्या शहरात खोलीचे भाडेच भाकरीच्या कितीतरी पुढे गेले, तेथे तो लंगडा पडतो.

आता या दांड्याकडे या. येथे जोडपे हे केवळ संसाराचे नव्हे, तर धंद्याचेही घटक आहे. पुरुष होडी घेऊन दर्यावर जातो आणि बाई बाजारात पाटी मांडते. घरच्या होडीचे म्हावरे बाईच्या पाटीत येते तेव्हा त्या क्षणी तिला रोख पैसे मोजावे लागत नाहीत. डिझेल, बर्फ, जाळे, खलाशांचा वाटा हा खर्च आहेच, कर्जही आहे. पण तो मागाहून विक्रीतून भागतो. आता ज्या बाईचा नवरा वारला, किंवा ज्याने तिला टाकले, किंवा जिने लग्नच केले नाही, तिचे पाहा. ती पहाट होण्यापूर्वी उठून ससून डॉकला किंवा भाऊच्या धक्क्याला जाते, लिलावात व्यापाऱ्यांच्या जोडीने बोली लावते, टेम्पोचे भाडे, हमाली आणि बर्फाचे पैसे देते, आणि मग कुठे बाजारात येऊन बसते. म्हणजे शेजारणीच्या पाटीत जो माल विक्रीनंतर हिशेबाला येतो, तो हिच्या पाटीत विक्रीपूर्वीच पैसे घेऊन येतो. संध्याकाळी मासळी उरली तर तोटा तिचा एकटीचा. आजारी पडली तर त्या दिवशी पाटीच नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांसाठी सुके बोंबील, जवळा साठवून ठेवायचे तर भांडवल हवे आणि ठेवायला जागाही हवी. डिझेलवरील कराचा परतावा होडीला मिळतो. पाटीला परतावा नाही.

यावर काही मंडळी सहज सांगतात, "मग दुसरे लग्न करावे!" पाठीमागे बसलेले काही साथी हसले, म्हणून थोडे थांबतो. जोडप्याचा संसार स्वस्त का पडतो याचा नीट विचार करा. त्यातला एक भाग खरी बचत आहे: एक छप्पर, एक चूल, एक दिवा. पण दुसरा भाग बचत नाहीच. तो बाईचा बिनपगारी श्रम आहे. एकटा पुरुष खानावळीला जे पैसे देतो ते विवाहित पुरुष वाचवतो, कारण घरात कोणीतरी विनामूल्य स्वयंपाक करते. तो खर्च नाहीसा झालेला नसतो. तो दुसऱ्याच्या अंगावर गेलेला असतो. तेव्हा लग्नाला स्वस्ताईचा उपाय म्हणून सांगणाऱ्याने, ती कोणाच्या जिवावर मिळते हेही सांगितले पाहिजे. मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या घरी केवळ खोलीचे भाडे झेपत नाही म्हणून परत जाणारी बाई ही आपल्या चळवळीला माहीत नाही असे नाही.

लग्नावाचूनही खर्च वाटून घेता येतो, याचा दाखला याच मुंबईने दिला आहे. कोकणातून, घाटावरून गिरण्यांत आलेले कामगार बायकामुले गावी ठेवून येथे एकटे राहत. एका खोलीत पंधरा-वीसजण पाळीपाळीने निजत आणि खानावळीत जेवत. त्या खानावळी बहुतांशी बायका चालवीत, आणि सावकाराच्या व्याजाने पिळून निघत. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. पण पुरुषाला जो गाळा मिळाला तो एकट्या स्त्रीला कोणी दिला नाही. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना 1972-73 पासून आहे. ती पगारदार स्त्रीला डोळ्यांपुढे ठेवून आखलेली. मासळीची पाटी घेऊन तेथे कोण आत घेईल? याच दांड्यातल्या बायका मात्र चौघीपाचजणी मिळून टेम्पो ठरवतात आणि भाडे वाटून घेतात. सहकाराचे बीज तेथे आहे, आपण त्याकडे पाहिले नाही.

सरकारचा हिशेब तर सरळसरळ कुटुंबाचा आहे. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी एका कमावत्यामागे तीन उपभोग-घटक धरले आणि स्त्रियांची मिळकत हिशेबात धरू नये असे ठरवले. कामगार चळवळीचा तो मोठा विजय होता, हे मी नाकारीत नाही. परंतु कमावता पुरुष आणि अवलंबून असलेली स्त्री हेच चित्र त्यात पक्के झाले. 1980 साली आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत आता दरमहा 1,500 रुपये मिळतात. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 21,000 रुपये. दिवसाला 58 रुपयांच्या आत! एवढ्यात पाटीवरचा बर्फ तरी येतो का? 2024 साली लाडकी बहीण योजना आली, तिच्यात एका कुटुंबातील एकच अविवाहित स्त्री पात्र धरली. घरात दोन अविवाहित बहिणी असतील तर त्यांपैकी लाडकी कोणती हे ज्याचे त्याने ठरवावे.

1972 साली मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध बायकांना रस्त्यावर आणले. लाटणे हातात घेतलेल्या त्या मोर्चांनी राज्यकर्त्यांना घाम फोडला. मृणालताई स्वतः 1958 पासून वैधव्यात होत्या आणि एकटीने घर व चळवळ दोन्ही चालवीत होत्या. तरीही आपली भाषा 'गृहिणीच्या अंदाजपत्रका'चीच राहिली. 1988 साली संगमनेरला निशाताई शिवूरकर आणि समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली, तेव्हा प्रथमच टाकलेली स्त्री ही कोणाची तरी बायको म्हणून नव्हे, तर स्वतंत्र माणूस म्हणून हक्क मागू लागली.

आपल्या शाखेने काय करावे? मला वाटते, निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वाढवा ही मागणी तर हवीच. त्याबरोबर घरांच्या प्रत्येक मागणीत एकट्या माणसाला परवडेल अशा खोल्यांचा वाटा, आणि बाजारात विक्रेत्या बायकांच्या मालकीची सामाईक बर्फपेटी व शीतगृह, हे मागितले पाहिजे. पण मोर्चाची वाट न पाहता करण्याजोगे एक काम आहे. भावाच्या घरी परत आलेल्या बहिणीचे नाव बहुधा भावाच्या किंवा अजून नवऱ्याच्याच शिधापत्रिकेवर असते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य आहे आणि घरातील सर्वांत वडील प्रौढ स्त्रीच कुटुंबप्रमुख मानली जाते. बाई एकटी राहत असेल तर कुटुंबप्रमुख तीच. नाव कमी केल्याचा दाखला मिळवण्यात मात्र तिचे चार दिवस बुडतात, आणि चार दिवसांची पाटीही. म्हणून येत्या रविवारी बाजार उठल्यावर, दुपारी, आपण टेबल मांडून बसू. अर्ज आपण भरू, शिधावाटप कार्यालयात खेटेही आपणच घालू. कोणकोण येणार, त्यांनी सभा संपल्यावर नावे द्यावीत.