रक्तातील आकडा आणि पेशींची स्मृती



करोनाच्या काळात शहरांतील खाजगी प्रयोगशाळांत प्रतिपिंडांच्या चाचणीला मागणी होती. लस घेतलेला मनुष्य काही महिन्यांनी ती करवून घेई, आकडा उतरलेला पाही, आणि आपले संरक्षण संपले असे समजून हवालदिल होई. वस्तुतः त्या आकड्यात अर्धीच हकीकत होती.

प्रतिपिंडे विषाणूला पेशीत शिरण्यापूर्वी अडवतात. काही महिन्यांत त्यांचे प्रमाण घटते, आणि ते स्वाभाविकच आहे. विषाणू एकदा आत शिरला की बाधित पेशी हुडकून नष्ट करणे हे मुख्यतः टी-पेशींचे काम. त्या बाधित पेशी कशा ओळखतात हे डोहर्टी आणि झिंकरनागेल ह्यांनी १९७४ साली दाखवले. १९९६ साली त्यांस त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. लस टोचल्यावर ह्या पेशींची जी फौज उभी राहते, तिच्यातील बहुतेक पेशी काम सरताच मरतात. थोड्या उरतात आणि शत्रूची ओळख दीर्घकाळ जपतात. २००३ साली सार्समधून बरे झालेल्यांच्या रक्तात सतरा वर्षांनंतरही सिंगापूरच्या संशोधकांना अशा पेशी आढळल्या. तो संसर्गाचा दाखला झाला, हे खरे. परंतु लसीचीही कसोटी लवकरच लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून ओमायक्रॉनची वार्ता आली. प्रतिपिंडांना त्याने बरेचसे चकवले. तेथील लस घेतलेल्यांच्या टी-पेशींचा प्रतिसाद मात्र ७० ते ८० टक्के शाबूत आढळला. अशा लोकांना संसर्ग पुष्कळ झाला, गंभीर आजार त्या मानाने कमी.

मग धोरणाच्या चर्चेत ही स्मृती मागे का पडली? प्रतिपिंडे साध्या रक्तचाचणीत मोजता येतात. टी-पेशींसाठी जिवंत पेशी वेगळ्या काढून जपाव्या लागतात. ते तालुक्याच्या प्रयोगशाळेला झेपणारे नाही. म्हणून सोप्या मोजमापावरच भिस्त राहिली. (राष्ट्रीय उत्पन्नात घरच्या बाईचे श्रम धरले जात नाहीत, त्यातलाच हा प्रकार.) ४ ऑगस्ट २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी वर्धक मात्रा तूर्त थांबवण्याचे आवाहन केले. तोवर दिलेल्या ४०० कोटींहून अधिक मात्रांपैकी ८० टक्क्यांवर मात्रा उच्च व उच्च-मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेल्या होत्या. श्रीमंत देशांनी तरीही तिसरी मात्रा दिलीच.

वृद्धांना ती हवी होती, ह्यात वाद नाही. टी-पेशी जेथे तयार होतात ती थायमस ग्रंथी वयाबरोबर आक्रसते. आपल्याकडे १० जानेवारी २०२२ पासून आरोग्यसेवक, आघाडीवरील कर्मचारी आणि व्याधिग्रस्त वृद्ध ह्यांना ती प्रथम दिली गेली. हा क्रम योग्यच होता. १० एप्रिलपासून मात्र १८ ते ५९ वयाच्या बहुतेकांना ती खाजगी केंद्रांतच मिळू लागली: लसीचे २२५ रुपये, वर सेवाशुल्क १५० रुपयांपर्यंत. १५ जुलैपासून ७५ दिवस ती मोफत झाली. मधल्या तीन महिन्यांत मधुमेह असलेल्या पन्नाशीच्या मजुरालाही हेच पैसे मोजावे लागत होते, आणि रोजगार हमीची मजुरी त्या वर्षी महाराष्ट्रात दिवसाला २५६ रुपये होती.